सेकंडहँड मॅच पिस्तूल: शॉट खाली उतरतात, आणि दोष ग्रिपला दिला जातो

गेल्या महिन्यात नेरूळहून एका मुलीचा फोन आला. कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे, तीन वर्षं दहा मीटर एअर पिस्तूल खेळते. म्हणाली, "काका, दहा-दहा शॉटच्या पहिल्या दोन-तीन सिरीज नीट जातात, ब्याण्णव-त्र्याण्णव होतात. चौथीपासून शॉट खाली उतरायला लागतात. सर म्हणतात मनगट थकतंय. पिस्तूल दोन महिन्यांपूर्वी सेकंडहँड घेतलंय, आधीच्या मालकाने ग्रिप स्वतःच्या हाताप्रमाणे कोरून घेतली होती. ती मी थोडी घासून घेऊ का?"

असा फोन मला वर्षातून तीन-चार वेळा येतो. कधी कळव्याहून, कधी खारघरहून, कधी घोडबंदर रोडवरून. माणूस बदलतो, पिस्तूल बदलतं, तक्रार जवळजवळ तीच असते: जुनं, कुणीतरी आपल्या सोयीने बदल केलेलं पिस्तूल घेतलं, आता गुण घसरलेत, आणि हातात पॉलिश पेपर तयार आहे. मी प्रत्येकाला सांगतो की पॉलिश पेपर आधी खाली ठेवा. ग्रिप म्हणजे पिस्तुलाची लाकडी मूठ. घासलेलं लाकूड परत येत नाही, आणि बहुतेक वेळा दोष लाकडात नसतोच.

हे मी इतक्या ठामपणे म्हणतो, कारण माझ्या पहिल्या पिस्तुलाची ग्रिप मी तीन महिने घासली. मी रबाळ्याच्या एमआयडीसीत इन्स्ट्रुमेंट मेंटेनन्समध्ये आहे. प्रेशर गेज, रेग्युलेटर, व्हॉल्व्ह हे माझं रोजचं काम. तरीही शॉट खाली गेले की मी तळव्याखालचा पाम रेस्ट थोडा वर सरकवायचो, अंगठ्याजवळ थोडं लाकूड काढायचो, दोन दिवस बरं वाटायचं आणि पुन्हा तेच. शेवटी रेंजवरच्या एका ज्येष्ठ शूटरने आपला क्रोनोग्राफ, म्हणजे शॉटचा वेग मोजायचं यंत्र, आणला आणि म्हणाले, एक अख्खी मॅच याच्यातून मार. पहिला शॉट सेकंदाला १५१ मीटर वेगाने गेला. पन्नासावा १३१. माझं मनगट पहिल्यापासून ठीक होतं. शॉटला ढकलणारी पिस्तुलातली दाबलेली हवा कमी पडत होती, आणि मी सुस्थितीतली अक्रोडाची ग्रिप कायमची बिघडवून बसलो होतो.

वीस मीटरच्या फरकाने किती बिघडतं याचा हिशेब अवघड नाही. हवेचा अवरोध बाजूला ठेवला, तर १५० च्या वेगाने निघालेल्या पेलेटला, म्हणजे छर्ऱ्याला, दहा मीटर जायला साधारण ०.०६७ सेकंद लागतात आणि तेवढ्या वेळात तो २२ मिलिमीटर खाली पडतो. वेग १३० वर आला की ०.०७७ सेकंद लागतात आणि पडणं होतं २९ मिलिमीटर. म्हणजे सात मिलिमीटरचा फरक. आपल्या टार्गेटवर एका रिंगेपासून पुढच्या रिंगेपर्यंतचं अंतर आठ मिलिमीटर आहे. म्हणजे तुम्ही हात, नजर, ट्रिगर सगळं पहिल्या शॉटसारखंच केलंत, तरी शेवटच्या सिरीजमध्ये तुमचा दहा जवळजवळ नऊ झालेला असतो. हे थकव्यासारखंच दिसतं, कारण थकवाही नेमका तिथेच, चौथ्या-पाचव्या सिरीजला येतो. म्हणून कोचही फसतात. त्यांची चूक नाही.

शॉट कुठे जातात, ते आधी बघा

पिस्तूल घेतलेलं असो वा घ्यायचं असो, टार्गेट वाचायची सवय इथे उपयोगी पडते.

उजव्या हाताने खेळणाऱ्याचे शॉट खाली आणि डावीकडे जात असतील, तर बहुतेक वेळा ट्रिगरवरचं बोट झटका देतंय. तो हाताचा दोष, किंवा ट्रिगर बोटाच्या चुकीच्या जागी बसतोय. पण शॉट सरळ खाली, घड्याळातल्या सहाच्या दिशेला, हळूहळू उतरत असतील आणि नळीखालचा हवेचा सिलिंडर भरून आणल्यावर परत जागेवर येत असतील, तर हवेकडे बघा. दोन चहांच्या मध्ये करता येईल एवढी सोपी चाचणी आहे: मॅचच्या मध्यावर, शॉट उतरायला लागले की सिलिंडर बदला. पिस्तूल तेच, हात तोच, थकवा तोच. शॉट वर आले तर उत्तर मिळालं.

काही पिस्तुलांत उलटं होतं. पाच-सात मिनिटं विश्रांती घेऊन परत आलात की पहिला शॉट उंच जातो, मग पुढचे जागेवर येतात. याचा संशय रेग्युलेटरवर घ्यायचा. सिलिंडरमध्ये २०० बार दाबाची हवा असते. रेग्युलेटर त्यातून ठरलेल्या कमी दाबाची हवा मोजक्या मापाने पुढच्या छोट्या चेंबरमध्ये सोडतो. ठरलेला दाब झाला की त्याने घट्ट बंद व्हायला हवं. आतली सीट, म्हणजे बंद होताना तो जिथे टेकतो ती जागा, झिजली किंवा तिच्यावर कचरा बसला, की तो पुरता बंद होत नाही आणि दाब मुंगीच्या पावलांनी चढत राहतो. तीस सेकंदांत मारलेल्या शॉटमध्ये हे कळत नाही, पाच मिनिटांनी मारलेल्यात कळतं. कारखान्यात आम्ही याला क्रीप म्हणतो.

आणि एक तिसरा प्रकार: शॉटच्या भोकांचे एकाच्या जागी दोन ग्रुप, म्हणजे पुंजके. सहा शॉट इथे, चार तिथे, मध्ये काही नाही. काहीतरी ढिलं आहे. रिअर साइट किंवा फ्रंट साइट (नेम धरायची मागची खाच आणि पुढची खूण), बॅरलखाली लावलेलं वजन किंवा ग्रिपचा मुख्य स्क्रू. पावसाळ्यात ग्रिपचं लाकूड फुगतं, नोव्हेंबरात आक्रसतं, आणि स्क्रू आपोआप सैल पडतो. हा सर्वांत स्वस्त दोष. ॲलन की फिरवली की संपला.

घेण्याआधी: मशीन वेगळं, हात वेगळा

सेकंडहँड पिस्तूल बघायला लोक जातात, हातात घेतात, डोळ्यांपुढे धरतात, "छान बसतंय" म्हणतात आणि पैसे देतात. क्रम उलटा हवा. ग्रिप सगळ्यात शेवटी. हातात छान बसलेलं पिस्तूल माणसाला आंधळं करतं, मग पुढचं काही दिसत नाही.

पहिलं काम सुरक्षिततेचं. पिस्तूल हातात आल्याबरोबर लोडिंग लिव्हर उघडा, आत पेलेट नाही हे स्वतःच्या डोळ्यांनी बघा, आणि नळी सतत सुरक्षित दिशेला ठेवा. विक्रेता कितीही ओळखीचा असला तरी. बघणं शक्यतो रेंजवरच करा, कुणाच्या बैठकीत नाही. एक तर तिथे दहा मीटर मिळत नाहीत, आणि शेजारच्या काकू दारातून डोकावल्या तर त्यांना घाबरवण्याचं कारण नाही.

मग सिलिंडर. त्याच्यावर उत्पादनाची तारीख कोरलेली किंवा छापलेली असते. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांनुसार खेळणाऱ्यांसाठी सिलिंडरची मुदत दहा वर्षं धरली जाते आणि ती पाळण्याची जबाबदारी शूटरची असते. २०१४ चं पिस्तूल मूळ सिलिंडरसकट विकायला आलं असेल, तर सिलिंडरची किंमत शून्य धरा. दोनही जुने असतील तर दोन नव्या सिलिंडरांचे पैसे किमतीतून वजा करून बोला. मुदत संपलेला सिलिंडर "अजून चांगला आहे हो" म्हणून भरून देणारा भेटला तर नम्रपणे नको म्हणा. २०० बार म्हणजे गाडीच्या टायरमधल्या हवेच्या जवळजवळ शंभरपट दाब, आणि तो तुमच्या मनगटापासून वीतभर अंतरावर असतो.

सिलिंडर कशाने भरत होता, हे विक्रेत्याला जरूर विचारा. आपल्याकडे बरेच जण हातपंप वापरतात. ठाण्याच्या जुलैत भिंतींना ओल येते, चामड्याच्या पट्ट्यावर बुरशी धरते, ती हवा दाबून दाबून २०० बारवर नेली की तिच्यातलं बाष्प पाणी होऊन आत उतरतं. चांगल्या पंपाला ओल टिपणारा फिल्टर असतो आणि मध्ये मध्ये थांबून पाणी सोडून द्यावं लागतं. हे न करता तीन-चार पावसाळे काढलेले असतील, तर सिलिंडर पिस्तुलावरून काढून त्याच्या तोंडाशी बघा. ॲल्युमिनियम असेल तर पांढरी पावडर, पोलाद असेल तर तांबूस डाग. माझ्या पिस्तुलात हेच निघालं होतं. व्हॉल्व्हच्या सीटवर गंज, सील एका बाजूने खाल्लेलं. फक्त बघा, व्हॉल्व्ह खोलू नका. दाब असलेला सिलिंडर घरी खोलायची वस्तू नाही.

आता गळती. यासाठी विक्रेत्याकडून एक रात्र मागून घ्यावी लागते, आणि जो एक रात्र द्यायला तयार नाही त्याच्याकडून मी घेत नाही. सिलिंडर २०० बारला भरा. लगेच आकडा लिहू नका. झटपट भरलेला सिलिंडर तापलेला असतो. तो ४५ अंशांवर असताना २०० दाखवत असेल, तर २७ अंशांवर निवल्यावर साधारण १८९ दाखवेल. ही अकरा बारची घट गळती नाही, साधं भौतिकशास्त्र आहे, पण याच्यावरून मी दोन व्यवहार मोडलेले पाहिलेत. तासभर निवू द्या, मग आकडा लिहा. पिस्तुलाला लावून रात्रभर ठेवा. सकाळी त्याच खोलीत, पंखा-एसी तसाच ठेवून परत बघा.

दाब उतरला असेल तर दुसऱ्या रात्री तोच सिलिंडर पिस्तुलावरून काढून नुसता ठेवा. बहुतेक पिस्तुलांत सिलिंडर सोडवला की त्याच्या तोंडाचा व्हॉल्व्ह आपला आपण बंद होतो. नुसत्या सिलिंडरने दाब धरला आणि पिस्तुलावर असताना सोडला, तर दोष पिस्तुलात. जोडाच्या ओ-रिंगमध्ये, म्हणजे रबरी कड्यात, असेल तर काम दहा मिनिटांचं. आतल्या व्हॉल्व्हमध्ये असेल तर सर्व्हिसिंग. नुसत्या सिलिंडरनेही सोडला, तर सिलिंडर बाद. या दोन रात्रींत जे कळतं ते तासभर निशाणा लावून कळत नाही. सिलिंडरवरचं ते छोटं मीटर मात्र फार बारकाईने वाचायचं साधन नाही. पाच-सात बारच्या फरकावर मी निष्कर्ष काढत नाही, तीसच्या फरकावर काढतो.

क्रोनोग्राफ कुणाकडून तरी मिळवा. प्रत्येक मोठ्या रेंजवर एखाद्याकडे असतोच. दहा शॉट सारख्या अंतराने, मग पाच मिनिटं थांबून एक, मग दाब १०० बारच्या खाली आला की परत दहा. पहिल्या दहांमध्ये सगळ्यात जलद आणि सगळ्यात मंद शॉट यांच्यात पाच मीटरपेक्षा जास्त फरक असेल तर मी प्रश्न विचारायला सुरुवात करतो. आकडे फोनमध्ये लिहून ठेवा. सहा महिन्यांनी शंका आली तर तुलनेला काहीतरी हवं. मॅच म्हणजे ७५ मिनिटांत ६० शॉट, त्याआधी १५ मिनिटं साइटर, म्हणजे गुण न धरले जाणारे सरावाचे शॉट. म्हणजे एका भरण्यात ऐंशीएक शॉट एकसारख्या वेगाने निघालेच पाहिजेत. चांगल्या पिस्तुलाला याच्या दुप्पटही जमतात.

मग वाळूच्या पिशवीवर टेकवून ग्रुप बघा. हात पिशवीवर, बॅरल नाही. बॅरल टेकवलं की ग्रुप खोटा येतो. एकाच डब्यातले सपाट तोंडाचे मॅच पेलेट घ्या. त्यांच्या डोक्याचा व्यास ४.४९ किंवा ४.५० असा डब्यावर लिहिलेला असतो. पाच शॉट मारा. पाचही भोकं मिळून दहाच्या रिंगेत, म्हणजे साडेअकरा मिलिमीटरच्या वर्तुळात, आरामात मावायला हवीत. नव्या पिस्तुलाच्या पेटीत कारखान्यात मारलेलं एक टेस्ट टार्गेट येतं, त्याच्यावर पिस्तुलाचा नंबर असतो. जुन्या मालकाने ते जपून ठेवलं असेल तर पिस्तूलही जपलं असण्याची शक्यता जास्त, हा माझा अनुभव. नंबर जुळतो का ते मात्र बघा.

ग्रुप मोठा आला तर लगेच बॅरलला दोष देऊ नका. पेलेट जिथे बसतो तिथली सीलची रिंग चिरलेली असेल तरी वेग विखुरतो आणि ग्रुप फुटतो. ही रिंग किरकोळ किमतीची असते. बॅरलच्या तोंडाशी मात्र नीट बघा. कान साफ करायची कापसाची काडी हलकेच फिरवा, कुठे तंतू अडकले तर तिथे कड उडालेली आहे. पोलादी सळई पुढून घालून साफ करणाऱ्यांनी अशा बऱ्याच नळ्या वाया घालवल्यात.

रिअर साइटची तपासणी लोक करतच नाहीत. दहा क्लिक डावीकडे, दहा वर, दहा उजवीकडे, दहा खाली, प्रत्येक थांब्यावर तीन शॉट. शेवटचे तीन पहिल्यांवर येऊन बसले पाहिजेत. बसले नाहीत तर साइटचा स्क्रू झिजलाय, आणि रेंजवर तुम्ही आयुष्यभर "दोन क्लिक दिले तरी काही झालं नाही, म्हणून अजून दोन दिले" करत राहाल.

कुणी काय बदललंय

कस्टमाइझ केलेलं पिस्तूल म्हटलं की सगळे ग्रिपकडे बघतात. मी स्क्रूकडे बघतो. स्क्रूची खाच फाटलेली, कडा गोल झालेल्या, कारखान्यातून लावलेला रंगाचा ठिपका तुटलेला, असं ज्या भागावर दिसेल तिथे कुणीतरी हात घातलाय. ग्रिपच्या स्क्रूवर असं दिसणं स्वाभाविक आहे. ट्रिगरच्या आतल्या स्क्रूवर दिसलं तर मी सावध होतो.

ट्रिगर हलका करण्याची हौस फार जणांना असते. नियम सांगतो, ट्रिगरने किमान ५०० ग्रॅम वजन उचललं पाहिजे. पिस्तूल कॉक करा, म्हणजे शॉटसाठी चढवा, हवा चालू ठेवा, पेलेट नको. नळी सरळ वर. ट्रिगरच्या मध्यावर वजन टांगा आणि टेबलावरून हळूच उचला. रेंजवर तपासणीचं वजन असतं. नसेल तर वाण्याकडचं शिक्क्याचं अर्ध्या किलोचं वजन सुतळीने बांधून अंदाज घेता येतो. एकदा उचललं गेलं म्हणून थांबू नका. वीस वेळा करा. उचलतो, उचलतो, मध्येच सुटतो, असं होत असेल तर आतला सिअर, म्हणजे ट्रिगर ओढेपर्यंत शॉट अडवून धरणारा खटका, कुणीतरी घासलाय. मग आणखी एक बघायचं: कॉक केलेलं रिकामं पिस्तूल, नळी टार्गेटच्या दिशेला, आणि ग्रिपच्या तळाला तळहाताने हलक्या थापा. आपोआप सुटलं, तर पुढची सगळी तपासणी तिथेच थांबवा आणि घरी या. किंमत कितीही उतरवली तरी.

इलेक्ट्रॉनिक ट्रिगर असेल तर बॅटरीची जागा उघडून बघा. समुद्रकाठच्या हवेत संपर्काच्या पट्ट्या हिरव्या पडतात. शंभर वेळा ड्राय फायर करा, म्हणजे पेलेटशिवाय ट्रिगर ओढा, एकदाही चुकता कामा नये. मोठ्यातल्या मोठ्या मॅचमध्येही बिघाड होतो. टोकियोत २०२१ मध्ये मनू भाकरचं पिस्तूल पात्रता फेरीच्या मध्येच बिघडलं, मोलाची मिनिटं गेली, ती ५७५ गुणांवर बारावी राहिली. तीन वर्षांनी पॅरिसमध्ये तिने दोन कांस्यपदकं आणली ही गोष्ट वेगळी. पण तिच्याकडे दुसरं पिस्तूल आणि सोबत माणसं होती. आपण रविवारी एकटे जिल्हा स्पर्धेला जाणार.

बाकीचे बदल पटकन बघून होतात. एकूण वजन १५०० ग्रॅमच्या आत, आणि सगळं पिस्तूल ४२० बाय २०० बाय ५० मिलिमीटरच्या पेटीत मावायला हवं. बॅरलखाली हौसेने वजनं लावलेल्या पिस्तुलात आणि रुंद केलेल्या ग्रिपमध्ये हे हमखास चुकतं. पुठ्ठ्याची पेटी करून न्या, पाच मिनिटांचं काम आहे. ग्रिपचा हातावर येणारा भाग मनगटाला आधार देता कामा नये, हाताला वेढा घालता कामा नये, आणि पाम रेस्टची कड वर वळलेली चालत नाही. आधीच्या मालकाने फक्त घरच्या सरावासाठी एम-सीलने तशी कड बांधली असेल तर स्पर्धेच्या तपासणीत तुम्ही अडकाल, तो नाही.

आता ग्रिप

इथपर्यंत सगळं पार झालं, तरच ग्रिप. आणि इथे मला मनापासून सांगायचंय: दुसऱ्याच्या हाताला कोरलेली ग्रिप ही दुसऱ्याची चप्पल आहे. चार पावलं छान वाटते.

हातात घ्या, नीट पकडा, डोळे मिटा. हात टार्गेटच्या उंचीला आणा, मनगट स्थिर करा, मग डोळे उघडा. फ्रंट साइट रिअर साइटच्या खाचेत मध्यावर दिसते का? हे दहा वेळा करा आणि प्रत्येक वेळी कुठे दिसली ते सोबतच्या माणसाला सांगा, त्याला लिहू द्या. स्वतः लक्षात ठेवलं की मन हळूच सगळं मध्यावर आणतं. दहांपैकी आठ वेळा उजवीकडे दिसली, तर ग्रिपचा कोन तुमच्या हाताचा नाही. काही ग्रिपना कोन बदलायची सोय असते, तेवढ्याने भागलं तर उत्तम.

मग ट्रिगरवरचं बोट. पहिल्या पेराची मांसल गादी ट्रिगरवर यायला हवी. आधीच्या मालकाचा पंजा लहान असेल तर तुमचं बोट सांध्यापर्यंत आत जातं आणि शॉट बाजूला ओढले जातात. मोठा असेल तर नुसतं टोक पोचतं. ट्रिगरची पट्टी पुढेमागे सरकते, पण तिलाही मर्यादा आहे.

कुठे लाकूड जास्त आहे ते शोधायला खडूची पूड उपयोगी पडते. तळहाताला लावा, पकडा, सोडा. जिथे पूड घट्ट दाबली गेली तिथे दाब आहे. जिथे लागलीच नाही तिथे पोकळी. जास्तीचं लाकूड काढता येतं. पोकळी भरावी लागते, आणि भरणं परत काढता येतं. म्हणून मी नेहमी भरण्यापासून सुरुवात करायला सांगतो. पुट्टी लावा, दोन आठवडे खेळा, पटलं नाही तर काढा. कानस आणि पॉलिश पेपर अगदी शेवटी. एका वेळी एकच जागा, आणि त्या जागेचा फोटो आधी काढून ठेवा. एका संध्याकाळी तीन ठिकाणी घासलं तर कशाने बरं झालं आणि कशाने बिघडलं ते कळायला मार्ग राहत नाही.

ग्रिप मुळीच जमत नसेल आणि पिस्तूल बाकी उत्तम असेल, तर नव्या ग्रिपचे पैसे किमतीतून वजा करून बोला. ग्रिप मापाप्रमाणे मिळतात, लहान, मध्यम, मोठी, उजव्या-डाव्या हाताची. मागवून यायला वेळ लागतो, हे मुलांना आधी सांगा. नाहीतर जिल्हा स्पर्धेच्या आठवडाभर आधी घाईने कानस फिरते.

कागदपत्रं

साडेचार मिलिमीटरच्या मॅच एअर पिस्तुलाला शस्त्र परवाना लागत नाही. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे एअर वेपनची ऊर्जा २० जूलच्या वर किंवा नळी ०.१७७ इंचापेक्षा मोठी असेल तर प्रश्न येतो. अर्ध्या ग्रॅमचा पेलेट १५० च्या वेगाने गेला तर ऊर्जा सहा जूलही भरत नाही. पॉइंट टू-टूचं, म्हणजे काडतुसाच्या पिस्तुलाचं, सगळं प्रकरण वेगळं, तिथे परवाना लागतोच.

पण बिल हवं. आयात झालेल्या पिस्तुलाचे सीमाशुल्काचे कागद हवेत. कुणाला खेळाडू म्हणून शुल्कात सवलत मिळाली असेल तर ते दुसऱ्याला विकता येतं का, कोणत्या अटीवर, हे त्या कागदांवरून आणि संघटनेला विचारून आधी पक्कं करा. दोघांच्या सह्यांचा व्यवहाराचा कागद करा, त्यावर पिस्तुलाचा आणि सिलिंडरांचा नंबर लिहा. मूल अठराच्या आतलं असेल तर आई किंवा वडिलांच्या नावावर. आणि ने-आण करताना पिस्तूल कुलूपबंद पेटीत, सिलिंडर सोडवून, बिलाची प्रत आणि क्लबचं ओळखपत्र सोबत. ठाणे-वाशी लोकलमध्ये कुणी विचारलं तर कागद दाखवून दोन मिनिटांत विषय संपतो. कागद नसले की संपत नाही.

नेरूळच्या मुलीकडे मी गेल्या रविवारी जाऊन आलो. तिच्या बाबांनी सिलिंडर भरून आणला होता, हातपंपाने, ओल टिपणाऱ्या फिल्टरशिवाय. तासभर निवू दिला, आकडा लिहिला, पिस्तुलाला लावून ठेवला. सोमवारी सकाळी फोन आला, ३५ बार उतरले. सोमवारची रात्र नुसता सिलिंडर ठेवला. मंगळवारी मीटर जिथल्या तिथे होतं. म्हणजे गळती पिस्तुलाच्या बाजूने. जोडाची ओ-रिंग बदलून पाहिली, फरक पडला नाही, आता आतल्या सीलचा संच मागवलाय. तोपर्यंत ती दर तिसऱ्या सिरीजला सिलिंडर बदलून खेळते आहे, आणि पाचव्या सिरीजला काल त्र्याण्णव झाले. ग्रिपला तिने अजून हात लावलेला नाही. अंगठ्याजवळ थोडी टोचते म्हणाली, तर त्याच्या आजूबाजूच्या पोकळीत पुट्टीचा पातळ थर देऊन बघायला सांगितलंय.